बारा सह्यांचं कार्ड

१९५३ साली ओहायोतल्या आमच्या पोलादाच्या गावात व्हर्ना हॅस्केलबाई वाचनालय सांभाळायच्या. वय अठ्ठावन्न, पेन्शनला दोन वर्षं बाकी. पुस्तक नेणाऱ्यानं पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या खिशातल्या कार्डावर सही करायची, ही पद्धत. पुस्तकात साधी रेघ ओढली तरी बाई दंड करायच्या.

सोमवारी फोन आला. गुरुवारी कम्युनिस्ट हुडकणाऱ्या सरकारी चौकशी समितीची माणसं येणार. मार्क्सचा तो जाड खंड कार्डासकट काढून ठेवा.

कार्डावर बारा नावं होती. वीस वर्षांपूर्वीच्या मंदीच्या दिवसांत सही केलेली ही माणसं आता कुणी शिक्षक, कुणी पोस्टमन. एक माझे वडील. एक वाचनालय उबदार ठेवणारी भट्टी पेटवणारा कॅझिमिर. बारावं नाव खुद्द बाईंचं.

"बाई, टाका ते भट्टीत," कॅझिमिर म्हणाला. "उंदरानं खाल्लं म्हणा."

"मग उंदराचं नाव विचारतील."

"थट्टा नको हो, मला चार पोरं आहेत. आणि मी तर पाचव्या पानावरच झोपलो होतो!"

बाई थट्टा करत नव्हत्या. त्यांनी कार्ड काढून त्याच्या हातात दिलं.

त्यानं कार्ड जाळलं. पण इतक्या झिजलेल्या पुस्तकात कोरं कार्ड पाहून कुणालाही संशय आला असता. बाईंनी तारखेच्या शिक्क्याची चाकं १९३४ पर्यंत मागे फिरवली. नव्या कार्डावर बारा शिक्के मारले आणि प्रत्येकापुढे स्वतःचीच सही केली.

गुरुवारी दोघं आले.

"बाराही वेळा तुम्हीच?"

"गावाला वाचनाची आवड कमी."

त्यांच्यातला तरुण पानं चाळू लागला आणि थांबला. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं बाईंचंच बारीक अक्षर होतं. ते पुसायचं राहूनच गेलं होतं.

त्यानं मोठ्यानं वाचलं, "'बारा तासांच्या पाळीबद्दल खरं लिहिलंत. माझे वडील त्यातच गेले.'" मग पुढचं पान. "'पण तुमच्या राज्यात मला तुमच्याविरुद्ध बोलता येईल का?'"

त्यानं वर पाहिलं. "म्हणजे तुम्ही याच्या बाजूच्या की विरुद्ध?"

"ते पानागणिक बदलतं."

"आमच्या कागदावर दोनच चौकोन आहेत, बाई."

बाईंनी पेन घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि दोन्ही चौकोन कोरे सोडले.

महिन्याभरात नोकरी गेली, पेन्शनही गेली. बाकीच्या अकरा जणांना कुणी बोलावलं नाही. तरी दारासमोर एखादी गाडी हळू झाली की माझे वडील पडदा ओढून घ्यायचे. आणि रस्त्यात हॅस्केलबाई दिसल्या, की पलीकडच्या फुटपाथवर जायचे.