अण्णांची कानउघाडणी

बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधल्या स्विमिंग पूलवर स्कूबा शिकायला गेले, तर पहिल्याच रविवारी शामसुंदर अण्णांनी जाहीर केलं, “आज पाण्यात जायचं नाही. आज कानउघाडणी हाय.” मी पुण्याची. आमच्याकडे कानउघाडणी वडीलधारे करतात. ती करून घ्यायला सुट्टीच्या दिवशी कोण लवकर उठतं?

अण्णांना म्हणायचं होतं ते अगदी शब्दशः. पाण्यात खाली जाताना दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत ढकलला जातो. मग नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंकायचं, की कान मोकळे होतात. हे ते आम्हाला काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवून पुन्हा पुन्हा करायला लावत. शब्द चुकीचा ऐकला की मला राहवत नाही, म्हणून मी सांगितलं, “अण्णा, कानउघाडणी म्हणजे रागावणं.”

“सरी, बरं,” ते म्हणाले, “मग रागावून शिकवतो.” आणि खरंच तसं शिकवलं.

अण्णांचं घराणं बेंगळुरूत कधी आलं ते त्यांनाही नीट माहीत नाही. घरात मराठी, दारात कन्नड. आठवडाभर ते बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात आणि रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून पूलवर येतात. मला त्यांच्या दोन गोष्टी खटकायच्या. हाक मारली तर कधी लगेच वळत, कधी ढिम्म हलत नसत. आणि स्वतः पाण्यात कधीच उतरत नसत. आमच्याबरोबर उतरायचा तो पवनकुमार, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. शिष्ट दिसतो म्हातारा, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

पाण्याखाली बोलता येत नाही, सगळा कारभार हातांवर. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक. आडवा पंजा हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय. अण्णांचा नियम असा की पंजा हलला की त्या माणसाला वर आणायचं, पुढे प्रश्न नाही. आता आडवा पंजा हलवणं म्हणजे आपल्याकडे काय? बरं आहे, चाललंय! कुठल्याही दुकानदाराला विचारा धंदा कसा आहे, तो पंजाच हलवेल. ही खूण मी पाठ केली आणि समुद्रात नेमकी विसरले.

हिवाळ्यात आमची तुकडी मुर्डेश्वरला गेली आणि तिथून बोटीनं नेत्राणी बेटापाशी. मला आदल्या आठवड्यात सर्दी झाली होती. ती गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं, स्वतःलासुद्धा. दोरीला धरून खाली जायला लागलो आणि थोड्याच अंतरावर डावा कान ठणकायला लागला. फुंकून पाहिलं, उघडेना. खाली पिवळ्या माशांचा थवा दिसत होता आणि मला तिथं पोचायचं होतं. पवनकुमारनं बोटांचं वर्तुळ करून विचारलं, ठीक? मी पंजा हलवला. दुखतंय, पण चालेल, चला! त्यानं माझा दंड धरला आणि मला सावकाश वर नेलं.

बोटीवर चढले ती तणतणतच. अण्णा कडेला बसले होते. “मी ठीक आहे म्हणत होते, त्याला कळलंच नाही! मला परत जाऊ द्या.” अण्णा समुद्राकडे बघत राहिले. मी आवाज चढवला, तरी उत्तर नाही. मग पवनकुमारनं मला उठवून त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसवलं आणि हिंदीत सांगितलं की अण्णांना डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही. माझा सगळा आवेश गळाला.

“काय म्हणालात, अक्का?” अण्णांनी विचारलं.

“स्वल्प दुखत होतं अण्णा, पण...”

“कानाला स्वल्प नसतं. दुखतं, नाहीतर नाही दुखत.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा कान गेला तो याच बेटापाशी. “आमच्या गावात सगळेच म्हणतात, स्वल्प अडजस्ट माडी. थोडं जुळवून घ्या. बसमध्ये सरकायला चांगलं हाय ते. मी कानालापण तेच सांगितलं.” सर्दी होती, मागे लोक खोळंबले होते, म्हणून नाक दाबून जीव खाऊन फुंकलं. फटकन आवाज झाला आणि समुद्र गरगर फिरला. तेव्हापासून त्या कानात नुसती शिट्टी, बंद न होणाऱ्या कुकरसारखी. डॉक्टरांनी बजावलं, दुसरा कान हवा असेल तर पाणी सोडा. “एक ठेवला देवानं, पुष्कळ झालं. श्यामला रागावली की चांगला कान उशीवर ठेवून झोपतो. घर शांत!” बायकोचं नाव घेऊन ते हसले. मला हसू येईना, कारण माझा कान अजून ठणकत होता.

“ही आता तुमच्या पुण्याची कानउघाडणी,” ते म्हणाले.

बेंगळुरूला परतल्यावर कानाच्या डॉक्टरांनी आत पाहिलं. पडदा लालभडक, मागे रक्त साचलेलं. भरून येईल म्हणाले, पण आणखी खाली गेला असतात तर सांगता आलं नसतं. कितीतरी दिवस त्या कानात कापूस कोंबल्यासारखं वाटायचं. ऑफिसचे कॉल मी उजव्या कानानं घ्यायचे, आणि घरी डाव्या कानाशी बोटं चोळून बघायचे, आवाज येतोय का. फार भीती वाटायची. मग एका सकाळी खालून पालेभाजीवाली ‘सोप्पूऽ’ ओरडत गेली आणि ते मला डावीकडून ऐकू आलं. मी ओट्याशी उभी राहून रडले. अण्णांचे उपकार कसे फेडायचे, हे मला त्या दिवशी कळत नव्हतं.

मिठाई घेऊन गेले. अण्णांनी खाल्ली आणि आभाराचा विषय बदलला.

त्यांच्याशी बोलायला सगळे उजवीकडे बसतात. मी दर रविवारी डावीकडे बसते. परवा नव्या तुकडीतले त्रिविक्रम नावाचे बँकेतले गृहस्थ पूलच्या तळाकडे निघाले होते, ते अर्ध्यातूनच वर आले. अण्णांच्या डाव्या बाजूला काठाला धरून, कुणाला त्रास नको अशा बेतानं पुटपुटले, “स्वल्प दुखतंय, पण चालेल.” आणि पुन्हा नाक धरून खाली जायला निघाले. अण्णा दुसरीकडे बघत होते.

माझ्या डाव्या कानानं ते ऐकलं. मी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला, ते वळले तशी त्रिविक्रमांकडे बोट दाखवलं.

“अण्णा,” मी म्हटलं, “कानउघाडणी!”