टोपलीच्या तळाशी

अमरावतीच्या नाट्यस्पर्धेत दुपारच्या प्रयोगाला माझ्या शेजारी एक फूलवाली बसली होती. रंगमंचपूजेचे हार पोचवून ती तशीच नाटकाला थांबली होती. मांडीवर रिकामी टोपली, बोटांना झेंडूचा पिवळा रंग.

नाटकातला सेनापती परमुलखातून आलेला होता. हाताखालचा माणूस बायकोचा रुमाल दुसऱ्या पुरुषाकडे पाहिल्याचं सांगून त्याचं मन तिच्याविषयी कलुषित करत होता. मीही कोल्हापूरहून आलेला परका, इथल्याच मुलीशी लग्न केलेला. ऑफिसातला एकजण आठवडाभर कानाशी लागला होता, "भाऊ, वहिनीची छत्री त्यायच्या जुन्या वर्गमित्राच्या गाडीवर पायली मी." छत्री घरात खरंच दिसत नव्हती. मी बायकोशी धड बोलणंच सोडलं होतं.

सेनापतीने बायकोचा गळा धरला, तशी फूलवाली माझ्यावरच उखडली, "तिले इचारलं काहून नाई यानं? मी तं शेवंतीबी दुसऱ्याच्या सांगण्यावर घेत नाई. टोपलीत तळालोक हात घालून पायल्याबिगर नाईच!"

मी उठून बाहेर आलो आणि बायकोला फोन लावला. "तुझी छत्री कुठाय गं?"

"तुमच्याच डिकीत! कधीची सांगून राहिली, काढून द्या म्हणून."

स्कूटरची डिकी उघडून मी तळापर्यंत हात घातला. छत्री तिथेच होती, मीच घडी घालून ठेवलेली.