पाटील दारात आले, मी कडी लावली

नवरा सीमेवर आणि मी इथं सडक अर्जुनीच्या बाजूच्या खेड्यात, सासू आणि उन्हाळी धान सांभाळत. तिकडं लढाई पेटली आणि त्याचा फोन बंद झाला. टीव्हीवर हिंदीतून नुसती बोंबाबोंब. पाचव्या दिवशी मी त्याची वायरच उपटली. वरून शेजारणी विचारायच्या, "काही समजलं का वं?" समजलं असतं तर अशी बसले असते का मी?

आमच्या गावात मरणाची बातमी बाईला फोनवर देत नाहीत. आधी पोलीस पाटलांना कळवतात, मग ते तीन-चार माणसं घेऊन दारात येतात. आमचे पाटील भला माणूस, नात्यानं सासरेच लागतात. पण त्या दिवसांत ते रस्त्यानं जाताना दिसले तरी मी घरात पळायची.

सहाव्या दिवशी सकाळी अंगणात धान पसरवत होते. पाहते तर पाटील झपाझप येऊन राहिले, मागं तिघं जण. सासूला ओढत आत नेलं आणि कडी घातली. डोक्यात एकच, हे तोंड उघडत नाहीत तोवर माझा नवरा जिता आहे.

"सूनबाई, दार उघड!"

"नाही उघडत! चालते व्हा! मले काही सांगू नका!"

सासू मटकन खाली बसली. तिचं तोंड पाहून मी जो गळा काढला, तो अख्ख्या गल्लीनं ऐकला.

पाटील दार बडवत होते. "अवं, रडतेस कायले? त्याचाच फोन आहे! जिता आहे तो!"

घाईत कडी निघता निघेना. निघाली, तेव्हा फोन कट झाला होता. त्यानं दुसऱ्याच्या फोनवरून आधी मलाच लावला होता. अनोळखी नंबर पाहून भीतीनं मीच उचलला नव्हता. मग त्यानं पाटलांना लावला. ते शेतात मळणीवर होते, चालू फोन घेऊन तसेच धावत आले, मजूरही मागोमाग.

जिता आहे! मी पाटलांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी पुन्हा पुन्हा फोन लावून पाहिला, लागला नाही. "लागते वं उद्या," म्हणाले.

उद्या कसला! आठवडा गेला. मग लागला, आणि मी हॅलो म्हणायच्या आत त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं, "माय कशानं गेली?"

त्या दिवशी पाटलांच्या चालू फोनातून माझा आकांत त्याच्या कानावर पडला होता आणि तेवढ्यात लाइन तुटली होती. आठ दिवस तो तिकडं बंदूक धरून जित्या आईचं सुतक पाळून राहिला होता.

फोन सासूच्या कानाला लावला. ती म्हणाली, "जेवला का रे बापू?" आणि तिकडं माझा नवरा ओक्साबोक्शी रडायला लागला.