प्रताप नगरची सांबारवडी

बाबा गेल्यापासून घरचे सांगतील ते मी आणत होतो, आणि बहुतेक चुकीचंच आणत होतो. केळीची पानं सांगितली तर केळी घेऊन आलो. कोणी हसलं नाही. आमच्या घरात माझ्या चुकीवर कोणी हसत नाही म्हणजे फार काही बिघडलंय, एवढं मला कळत होतं. पण वाटत काहीच नव्हतं. मधे कोणीतरी जाड पोतं टांगून ठेवल्यासारखं.

आई तर बोलतच नव्हती. काही विचारलं की नुसती मान हलवायची. तेरवीच्या पंगती उठल्या तरी तिचं ताट तसंच. गावाहून आलेल्या काकांनी मला बाजूला ओढलं.

"वैनीले बोलतं कर गा. अशानं तेही हातची जाईन."

"मी काय करू?"

"तुले एवढंच तं येते. ते प्रताप नगरची गोष्ट सांग."

वेडेपणा माझा असला तरी गोष्ट बाबांची होती. आई-बाबांना घेऊन मी प्रताप नगरात मुलगी पाहायला गेलो आणि मोठ्या आत्मविश्वासानं एक गल्ली आधीच वळलो. दारात रांगोळी, आत नवे पडदे, "या या, वाटच पाहून राहिलो होतो!" त्यांच्याकडेही त्याच दिवशी पाहुणे यायचे होते. नाव विचारणं कोणालाच बरं दिसलं नाही. मुलीला मी छंद विचारले, बशी पुन्हा भरून घेतली, आणि दारातच "पसंत आहे" म्हणून मोकळा झालो. तेवढ्यात खरे पाहुणे फाटकातून आत आले. पलीकडच्या गल्लीत गार पोह्यांसमोर वाट पाहत बसली होती, ती आता माझी बायको आहे. ते पोहे ती मला अजून ऐकवते.

बाबांनी खापरखेड्याच्या वीज केंद्रात आयुष्यभर मशिनींच्या वर आवाज चढवलेला. घरातही तसेच बोलायचे. ही गोष्ट सांगताना दर वेळी एकाच जागी चुकायचे. "या पोट्ट्यानं दुसऱ्याच्या सासऱ्याचे आलुबोंडे हाणले!" मग आई असेल तिथून, एकदा तर रस्त्यापलीकडच्या भाजीच्या ठेल्यावरून ओरडायची, "आलुबोंडे नाही जी, सांबारवडी!" सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. बाबा मुद्दाम चुकायचे की खरंच विसरायचे, मी कधी विचारलं नाही.

मी आईसमोर बसलो आणि अर्ज वाचावा तशी गोष्ट सुरू केली. बायको हळूच म्हणाली, "अहो, आज?" मी थांबलो नाही. रांगोळी झाली, पडदे झाले, बशी आली.

"अन् या पोट्ट्यानं," मी स्वतःबद्दलच म्हणालो, "दुसऱ्याच्या सासऱ्याचे आलुबोंडे हाणले."

काका जमिनीकडे पाहत होते. पुढचं वाक्य आईचं होतं. माझ्याकडे दुसरं नव्हतंच. म्हणून मी मूर्खासारखं पुन्हा म्हणालो, "आलुबोंडे."

आई ताटाकडेच पाहत होती. "सांबारवडी होती."

"काय म्हणता वैनी?"

"सांबारवडी. आलुबोंडा कुठून आला तिथं? अन् यानं तं माह्या बशीतलीबी उचलली."

हे इतक्या वर्षांत कधी बाहेर आलं नव्हतं.

"आणि माझ्याकडे येऊन म्हणे, भूक नाही!" बायको म्हणाली. काका फिसकन हसले.

आईनं ताट जवळ ओढलं, भात कालवला. "थांबला काहून? सांग नं पुढं."

मला रडू आलं नाही, हसूही नाही. पोतं होतं तिथंच लटकत होतं. मी बाबांसारखा आवाज चढवला आणि खऱ्या पाहुण्यांना फाटकातून आत आणलं.