नवसातल्या गोळ्या
शिवरात्रीला आम्ही गायमुखच्या महादेवाला पायी निघालो होतो. आंबागडचा डोंगर दिसायला लागला तरी रीता माझ्या पुढेच होती. वळून म्हणाली, "बसता का जराशा, काकू?"

"दम तुले लागला असन, नाव माह्यं सांगतं."

"मी कायले बसू? दोन साल बसूनच तं होती."

ते खरंच होतं. रीता माझी शेजारीण, माहेर लाखनीचं. धानाच्या रोवणीत तिच्याबरोबर कोणी टिकत नसे. मग डोळे पिवळे झाले आणि अंगणातल्या नळापर्यंत जाणं होईना. सासूनं, गोदावरीबाईंनी, काविळीची माळ घातली. माळ लांबली की कावीळ उतरते म्हणतात; माळ लांबत गेली, कावीळ उतरेना. चहाशिवाय काही न घेणाऱ्या बाईबद्दल लोक कुजबुजले, चोरून दारू पिते म्हणून.

नागपूरच्या डॉक्टरांनी उलगडा केला. रीता तो असा सांगते, "आतड्याचं रक्त आधी लिवरमंदी येते. तिथं राखणदार बसले असतात. जंतूची ठेवण पाहून वरडतात, मंग फौज येते. माहे राखणदार जंतू नसतानाच वरडले. फौजेनं माहं लिवरच खाल्लं."

गोळ्यांनी फौज शांत झाली, डोळे निवळले. घरच्यांना वाटलं, झालं. गोळ्या बंद केल्या आणि कावीळ दुपटीनं परतली. तेव्हा गोदावरीबाईंनी नवस बोलला, सून बरी झाली की शिवरात्रीला तिच्या गोळ्या गायमुखच्या महादेवाच्या पायाशी ठेवीन.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि आता तपासण्या चांगल्या आल्या होत्या. पण एक बारीक गोळी चालूच ठेवायची, मनानं सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गुडघ्यांमुळे म्हातारी घरी राहिली. सुनेच्या पिशवीत गोळ्या घालून म्हणाली, "ठेवून ये." देवाचा शब्द मोडा म्हणणारी मी नाही. पण गोळ्या तिथं राहिल्या तर काय होईल, याच धास्तीनं मी सगळी वाट देवाचं नाव घेत चालले.

गर्दीतून आम्ही पिंडीपाशी पोचलो. रीतानं गोळ्यांचं पाकीट ठेवलं, बेल वाहिला, डोळे मिटून हात जोडले. मग बेलाच्या पानासकट पाकीट उचलून कपाळाला लावलं.

"हे काय वं?" मी विचारलं.

"देवाले देल्लं ते प्रसाद होऊनच भेटते न, काकू?"

मला हसूच आलं, डोळ्यांत पाणीही. बाहेर येऊन तिनं उपासाचं रताळं खाल्लं, वर गोळी घेतली. मग "हर हर महादेव" अशी आरोळी दिली की पुढची माणसं वळून पाहू लागली. आवाजही परत आला होता पोरीचा.

उतरताना तिनं माझा हात धरला.

"आमच्या बुढीले तुमीच सांगा. पोथी वाचता तुमी, तुमचं आयकते ते. सांगा का नवस फिटला. आन् हा प्रसाद रोज घ्या लागते, हेही सांगा."