बाबांचं त्या वर्षीचं उत्पन्न

बाबा कापड मिलच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या कचेरीत, हेड क्लार्क होते आणि आई शाळेत शिक्षिका. मी एकुलती एक. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, परदेशीपुऱ्यातल्या गल्लीत दोन पगारांचं घर आमचं एकच, त्यामुळे लोक आम्हाला खातेपीते समजायचे.

मी शाळेत असताना पोस्टाची बचतीची एक योजना निघाली. मागच्या गल्लीतल्या एक काकू पोस्टाच्या एजंट होत्या. मार्च आला की त्या घरोघर फिरायच्या. बाबांना म्हणाल्या, "भाऊजी, यात जितके टाकाल तितके उत्पन्नातून वजा. त्यावर या वर्षी टॅक्स नाही. पोरीच्या कॉलेजला कामी येतील." बाबांनी स्वतःच्या नावानं खातं उघडलं, आईनं तिच्या. पुढची काही वर्षं दर मार्चमध्ये दोघंही त्यात पैसे टाकत राहिले. काढताना काय होईल हे काकूंनी सांगितलंही असेल, पण तेव्हा कॉलेज लांब होतं आणि कुणी लक्ष दिलं नाही.

मी अकरावीत असताना मिल थांबली. बंद पडली असं आमच्याकडे कुणी म्हणत नसे. "सध्या काम बंद आहे," एवढंच. बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे, मिलच्या फाटकासमोरच्या चहाच्या दुकानावर इतर लोकांबरोबर बसायचे आणि दुपारी परत यायचे. "काय झालं?" असं आईनं विचारलं की म्हणायचे, "बोलणी चालू आहेत. दिल्लीहून माणूस येणार आहे." तिकडे शहराबाहेर पीथमपूरला नवे कारखाने उघडत होते, रोज पेपरात त्यांच्या जाहिराती यायच्या. बाबा ते पान उलटून पुढे जायचे.

बारावीनंतर मला नाशिकच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला जागा मिळाली. वर्षाची फी एकदम भरायची होती. आईनं काकूंना बोलावलं.

काकू चहा घेता घेता म्हणाल्या, "एक बात ध्यानात ठेवा. टाकताना तुम्हाला सूट मिळाली होती ना? आता जितके काढाल तितकं सगळं त्या वर्षीचं उत्पन्न धरतील. पोस्ट आधीच टॅक्स कापून मग पैसे देतं."

"शिक्षणासाठी काढले तरी?" आईनं विचारलं.

"कशासाठीही काढा. पण ज्याच्या खात्यातून काढाल त्याच्या उत्पन्नात धरतात. तुमच्या खात्यातून काढले तर तुमच्या पगारावर चढतील. भाऊजींच्या खात्यातून काढा. त्यांना या वर्षी दुसरी काही कमाई नाही. फीपुरते काढले तर टॅक्सच्या हद्दीत येतच नाही. फक्त तसं लिहून सही करून द्यायची, मग पोस्ट काही कापत नाही."

बाबा ऐकत होते. ते म्हणाले, "काय लिहून द्यायचं?"

"हेच, की या वर्षी माझं उत्पन्न टॅक्स लागण्याइतकं नाही."

बाबांनी कप खाली ठेवला. "मी असं लिहून देणार नाही. उद्या मिल उघडली तर?" म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले.

काकू गेल्यावर आईनं त्यांना आग्रह केला नाही. स्वयंपाक करताना म्हणाली, "माझ्या खात्यातून काढू. कापला टॅक्स तर कापला." पण कापून आलेले पैसे फीला पुरत नव्हते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "मी इथंच बीएस्सी करते ना. सायकलनं जाता येईल. मैत्रिणीही इथंच आहेत."

बाबा इतके रागावलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. "तुला कुणी विचारलं? जागा मिळाली आहे ना तुला? मग बस!" असं ओरडले. मग जेवायला बसले आणि काहीच खाल्लं नाही. आईनं त्यांचं ताट तसंच झाकून ठेवलं. जरा वेळानं ती हळूच म्हणाली, "खोटं तर काही लिहायचं नाही आपल्याला. मिल उघडली तर चांगलंच आहे. तेव्हा टॅक्स भरू, आनंदानं भरू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फाटकाकडे गेले नाहीत. मला म्हणाले, "चल." आम्ही पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाबूजींनी कागद पुढे केला. वाचत वाचत त्यांनी सहज विचारलं, "काम क्या करते हैं, भाईसाब?"

"मिल में था," बाबा म्हणाले.

बाबूजींनी चष्म्यावरून वर पाहिलं. "मेरा छोटा भाई भी था," म्हणाले, आणि कुठे सही करायची तिथे स्वतः बोट ठेवलं. बाबांनी नेहमीसारखी वळणदार, पूर्ण नावाची सही केली. बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि स्वतःही प्यायले. मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

नाशिकला सोडायला तेच आले. बस वाटेत मानपूरला चहासाठी थांबली. खाली उतरून आम्ही उभे होतो, शेजारून ट्रक जात होते. बाबा एकदम म्हणाले, "आपल्याकडे सांवेर रोडवर बिस्किटांचा कारखाना आहे. हजेरी बघायला माणूस पाहिजे त्यांना. मिलमधला एक जण सांगत होता. पगार अर्धासुद्धा नाही."

"मग?"

"मग काय. परत गेलो की जाऊन बघतो."

त्यांना ती नोकरी मिळाली. पुढच्या वर्षी पगार आणि खात्यातून काढलेली रक्कम मिळून टॅक्सच्या हद्दीत गेली, त्यामुळे सही करून देता आली नाही आणि पोस्टानं टॅक्स कापला. आई हळहळली. बाबा म्हणाले, "कट गया तो कट गया. कमावतोय म्हणून कापला ना!" तिसऱ्या वर्षी त्यांनी काकूंना विचारून थोडे आपल्या खात्यातून काढले आणि थोडे आईच्या, एकाच्याच डोक्यावर सगळा भार येऊ नये म्हणून.

मिल कायमची बंद झाल्याची बातमी आली तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. आईनं हॉस्टेलवर फोन करून सांगितलं. फाटकावर बरीच माणसं जमली होती, काही जण रडले, असं ती म्हणाली. बाबा गेले नव्हते, त्यांची ड्यूटी होती.

"बाबा कसे आहेत?" मी घाबरत विचारलं.

"आत्ताच आलेत घरी. जेवतायत," आई म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं. तू अभ्यास कर."