बेबाचा पासपोर्ट

ग्रीसमधल्या कवालाच्या बंदरावर आसिमीनाची टपरी होती. सिगारेटी, वर्तमानपत्रं, थंड पाणी. पण या सगळ्याहून जास्त खपायचे ते तिचे सल्ले. कुणाची पेन्शन अडली, कुणाला वीज मिळेना, की माणूस आधी टपरीवर यायचा. कुठल्या खिडकीवर गोड बोलायचं आणि कुठे टेबल ठोकायचं, हे ती सिगारेटचं पाकीट पुढे सरकवता सरकवता सांगून टाकायची. आणि आता तिच्याच नातीचा पासपोर्ट होत नव्हता. गावात तोंड दाखवायची चोरी झाली होती.

नात म्हणजे बेबा, म्हणजे नुसतंच 'बाळ'. आसिमीनाची मुलगी एव्हान्थिया हिने मालखाजशी लग्न केलं होतं. तो जॉर्जियाचा, गोदीत वेल्डिंग करायचा, स्वभावाने गरीब गाय. त्या दोघांची ही पोर. दोन दात आले, रांगायला लागली, तरी आपली बेबाच. नाव मिळायचं बाप्तिस्म्याला, धर्ममातेच्या तोंडून, भरल्या चर्चमध्ये. त्याआधी ते उच्चारायचंसुद्धा नाही. धर्ममाता म्हणजे आसिमीनाची भाची. ती जर्मनीत नर्स होती आणि तिला सुट्टी ईस्टरनंतर. मग थांबायचं. कवालातली सगळी पोरं अशीच थांबत आली होती.

थांबायला वेळ नव्हता तो मालखाजच्या आईला. नाझिब्रोला तिकडे जॉर्जियात, कुताइसीला अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टर ईस्टरचं नाव काढत नव्हते. नातीला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच तिचं मागणं होतं. पण पासपोर्टाशिवाय पोर देशाबाहेर जाणार कशी? मालखाज आपल्या देशाच्या वकिलातीत जाऊन आला, एव्हान्थिया पोलिसांच्या पासपोर्ट कचेरीत जाऊन आली. दोघंही हात हलवत परतले.

"तुम्हाला बोलताच येत नाही," असं म्हणून आसिमीनाने टपरी बंद केली आणि स्वतः पासपोर्ट कचेरी गाठली. खिडकीत एक तरुण पोलीस बसला होता.

"बाप जॉर्जियाचा म्हणून अडवताय ना?"

"नाही हो आजी. आई ग्रीक, म्हणजे पोर ग्रीक. बाप कुठला का असेना."

"मग घोडं कुठे पेंड खातंय?"

त्याने जन्माचा दाखला तिच्यासमोर धरला. "नावाची जागा कोरी आहे."

"कोरीच असणार. बाप्तिस्मा व्हायचाय अजून."

"मीही वर्षभर नुसता बाळच होतो, आजी. पण मला कुठे विमानात बसायचं होतं? आईबापांनी जन्मनोंदणीच्या कचेरीत जाऊन नाव सांगितलं की झालं. बाप्तिस्मा करा मग सावकाश."

"कचेरीत नाव ठेवू? ते काय मोटारीचा नंबर आहे?"

"मग ईस्टरनंतर या," असं म्हणून त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी येईपर्यंत ती सरकारला, पोलिसांना आणि जर्मनीतल्या दवाखान्यांना शिव्या देत होती. म्हणजे मुलीला आणि जावयाला हे आधीच कळलं होतं आणि तिच्यासमोर बोलायची त्यांची हिंमत झाली नव्हती. दोघांवर ती उखडलीच. मालखाज कधी वर तोंड करून बोलत नसे. त्या दिवशी बोलला.

"आई, तुमच्या रिवाजापायी माझी आई वाट बघत मरेल."

एवढं बोलून तो जिना उतरून गेला. त्याच्यामागे एव्हान्थियाही गेली.

रिवाज तर होताच, पण आसिमीनाच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. पहिल्या नातीला आपलं नाव मिळावं आणि ते चर्चमध्ये सगळ्यांसमोर ऐकावं, म्हणून ती मनातल्या मनात झुरत होती. ही दोघं आत्ता कचेरीत गेली तर दोघी आज्यांपैकी नाव कुणाचं देतील? मरायला टेकलेल्या बाईपुढे टपरीवालीला कोण विचारतं? हे तिला स्वतःशी कबूल करायलाही लाज वाटत होती.

तेवढ्यात एव्हान्थियाचा मागे राहिलेला फोन वाजला. पडद्यावर नाझिब्रोला, चेहरा पार सुकलेला. तिने तरुणपणी ग्रीसमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करून मुलगा वाढवला होता, त्यामुळे भाषा पक्की होती.

"विहीणबाई, आसिमीनाला जरा दाखवा ना."

"मीच आसिमीना. डोळ्यांनीही गेलात का?"

"तुम्ही नाही हो. छोटी." नाझिब्रोला ओशाळली. "मी तिला तेच म्हणते. तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं पोरांना, तुम्ही चिडाल म्हणून."

"का? तुम्हाला स्वतःचं नाव नाही?"

"मी जाणारी बाई. जवळ राहणार तुम्ही. घरात आसिमीना म्हणून हाक मारली तर दोघींपैकी एक तरी ओ देईल. माझ्या नावाला ओ कोण देणार?"

आसिमीनाने बेबाला उचललं आणि फोनसमोर धरलं. स्वतः मात्र पडद्याबाहेर राहिली, कारण तिला रडू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघंही जन्मनोंदणीच्या कचेरीत होती. कारकून बाईंनी नाव विचारलं. एव्हान्थिया म्हणाली, "आसिमीना."

"थांबा," आसिमीना मागून म्हणाली. "नाझिब्रोला लिहा."

"तुम्ही कोण?"

"आजी."

"आजीला विचारलेलं नाही."

"जन्मभर लोकांना तुमच्या खिडकीशी कसं बोलायचं ते शिकवत आले मी, बाई. लिहा मुकाट्याने."

एव्हान्थियाने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, खांदे हलत होते. "लिहा," ती म्हणाली. "नाझिब्रोला."

पासपोर्ट आला, विमानही मिळालं. मंडळी गेल्यावर तिसऱ्या दिवशी टपरीवर आसिमीनाचा फोन वाजला. कुताइसीच्या त्या खाटेवर नाझिब्रोला उशांना टेकून बसली होती, मांडीवर पोर आणि चेहऱ्यावर राग.

"हे काय करून ठेवलंत, विहीणबाई? हिला हाक मारली की मलाच कुणी बोलावतंय असं वाटतं."

"मग ओ द्या," आसिमीना म्हणाली. समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं, त्याला तिने हातानेच थांबवलं. "आणि देत राहा."